ऊर्फ लावू नका

त्यांचं पूर्ण नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी शिरपुरात ते फारसं कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि ज्या नावानं चटकन लक्षात येईल ते त्यांना शेवटपर्यंत सहन झालं नाही. पण ते दुसरं नाव लिहिल्याशिवाय मला पुढे सरकताही येत नाही. तर ते भजे सर. हे दोन शब्द लिहितानाही वाटतं, आतून दार उघडेल, जाकिटाची बटणं लावत ते बाहेर येतील आणि म्हणतील, "मॅडम, तुमी बी?"

मी वाशिमकडच्या या शिरपूरच्या शाळेत लागले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी राजी नव्हतं. कुणी म्हणे पाण्याची अडचण आहे, कुणी म्हणे आमच्याकडे पाहुणे फार येतात. सर त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले, आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सावकाश सांगितलं आणि म्हणाले, "वरची खोली रिकामी हाय. मंडळीले इचारलं मी. आजच सामान आना." त्यांचं घर गावाबाहेर, मालेगाव रस्त्यावरच्या नव्या ले-आउटमध्ये, प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत होतं. आजूबाजूला सगळे बदलीवर आलेले नोकरदार. जुन्या गावात चांगली जागा मिळत असताना सर इतक्या लांब का आले हे मला नंतर कळलं. खोली देताना त्यांनी एकच अट घातली. "घरात माहं नाव घ्याचं तं पूर्ण घ्या. नाही तं नुसतं सर म्हना. तिसरं काई नाही." मला वाटलं, माणूस जरा शिष्ट दिसतो.

संध्याकाळी कोपऱ्यावर मेथीची जुडी घेत होते, तर भाजीवाली म्हणाली, "भजे सराकडं राह्यली का तू? लय चांगला मानूस हाय." मग तिनं मला ती गोष्ट सांगितली. पुढे गावात भेटेल त्यानं सांगितली. प्रत्येकाच्या सांगण्यात तिखटमीठ वेगळं असायचं, पण मूळ एवढंच.

सरांच्या नोकरीचा तो पहिला आठवडा. तेव्हा ते केनवडहून रोज येणं-जाणं करायचे. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शाळा सुटल्यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी भज्यांची प्लेट घेतली, पहिलं भजं तोंडात घातलं आणि बस हलली. पुढची बस कधी येईल याचा भरवसा नव्हता. सर प्लेट हातात घेऊनच धावले, कंडक्टरनं हात देऊन त्यांना आत ओढलं, आणि स्टँडवर हशा पिकला. एवढ्यावर थांबतं तर लोक चार दिवसांत विसरले असते. पण दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळी शाळा रांगेत उभी असताना हॉटेलवाला फाटकातून आत आला आणि त्यानं मुख्याध्यापकांना मोठ्यानं विचारलं, "काल माही भज्याची प्लेट घेऊन पळाले थे सर कोनते?"

प्लेट सरांच्या पिशवीतच होती. घासून, पुसून, पेपरात गुंडाळून आणली होती. मधल्या सुट्टीत नेऊन देणार होते. ती त्यांना सगळ्या पोरांसमोर पिशवीतून काढावी लागली. हॉटेलवाला तसा भला माणूस. "भूक लागली का होते सर असं," म्हणत त्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि उरलीसुरली लाजही गेली. दुपारच्या आत नाव ठरलं. पुढच्या वर्षी आलेल्या पोरांना प्लेटची भानगड माहीत नव्हती, नाव मात्र सगळ्यांना पाठ होतं. त्यांचं घर भज्याचं घर झालं, म्हणूनच ते लांब, नव्या माणसांच्या ले-आउटमध्ये राहायला गेले. लग्न झाल्यावर काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आपोआप भजेबाई झाल्या. मूलबाळ झालं नाही, नाही तर त्यालाही वारसा मिळालाच असता. काकूंनी त्या घरात कधी भजी तळली नाहीत. पाहुण्यांनी तोंड उघडून मागितली तरी कांदेपोहे पुढे यायचे.

मला सुरुवातीला हे सगळं गमतीचं वाटायचं आणि सरांचाच राग यायचा. गावात टोपणनाव कुणाला नव्हतं? आमच्या मुख्याध्यापकांना अख्खी शाळा माघारी एरंडेल म्हणायची आणि त्यांना ते ठाऊकही होतं. एकदा ओट्यावर बसलो असताना मी हे सरांना बोलून दाखवलं. काकू शेजारी तांदूळ निवडत होत्या.

"त्यायले परवडते," सर म्हणाले. "त्यायच्या आज्याले नाव होतं."

मला कळलं नाही. सर स्वतःशी बोलल्यासारखे सांगू लागले. "माह्या आज्याले गाव कचऱ्या म्हने. कोनं ठेवलं थे नाव, मालूम नाही. आज्यालेबी मालूम नव्हतं. आजा म्हने, आपल्याले लोक म्हन्तीन थे आपलं नाव. मंग धम्म घेतला, तवा माहा बाप शाळेत जात होता. आज्यानं शिकलेल्या मानसाले इचारून बापाचं नवं नाव ठेवलं. चांगलं नाव. गावानं त्याचेबी तुकडे केलेच. पन आजा जिता होता तवरक घरात कोनाची हिंमत नव्हती बापाले अर्ध्या नावानं हाक माराची." त्यांनी जाकिटावरची धूळ झटकली. "माह्या नावात मधात थे बापाचं नाव हाय, मॅडम. भजे म्हनलं का मी बी गेलो, बाप बी गेला, अन् आजा पुन्हा कचऱ्या झाला."

काकूंचा हात तांदळात थांबला होता. त्यांनी हे आधी कितीदा ऐकलं होतं कोण जाणे. मला तेव्हा गावाचा राग आला आणि तो राग कुणावर काढावा ते कळेना, कारण गावाच्या मनात तसलं काही नव्हतं. गावात त्या नावामागे नुसती माया होती. सर ज्या पोरांना हाताला धरून शाळेत आणत, त्यांच्या आया भजे सरांच्या नावानं आशीर्वाद देत. हे सरांना समजावून सांगायचं तर कसं, ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

मग त्यांच्या आयुष्यात ब्रँड आला.

अकोल्याला शिक्षकांसाठी कसलंसं शिबिर होतं. कानाला माइक लावलेल्या एका तरुणानं दिवसभर सांगितलं, की माणसानं आपला पर्सनल ब्रँड आधी ओळखावा आणि मग घडवावा. बाकीचे शिक्षक जेवण बरं होतं म्हणत परत आले. सर मात्र जिन्याखालूनच हाका मारत आले. "मॅडम, याले तं शास्तर हाय. मी इतके वर्सं जे करून राह्यलो ना, त्याले ब्रँड म्हन्तेत." त्यांचे डोळे चमकत होते. माणूस स्वतः म्हणजे एक दुकान आहे, लोकांनी पाटी लावायच्या आधी आपण लावावी, आणि उशीर झाला असेल तर जुनी पाटी खरडून काढावी, असं त्यांनी त्या शिबिरातून आपल्यापुरतं काढलं होतं. पुढे कित्येक वर्षं ते हेच बोलत राहिले.

मरून रंगाचं जाकीट तेव्हाच आलं. एकच रंग धरून ठेवला की लोकांच्या डोळ्यात बसतो, म्हणून पांढरा सदरा आणि वर मरून जाकीट. तेही बाराही महिने. आमच्याकडे मे महिन्यात माणसं डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून फिरतात. सर त्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावून चालायचे. स्टाफरूममध्ये घामानं त्यांची पाठ काळी झालेली दिसायची. काकू रोज एक जाकीट धुवायच्या आणि दुसरं काढून द्यायच्या. त्या कधी काही बोलल्या नाहीत. गावानं मात्र काय करावं? गाव म्हणू लागलं, "भजे सराचं जाकीट पाह्य."

कुणाच्याही दारात गेले की ते बाहेरूनच पूर्ण नाव सांगायचे आणि मग विचारायचे, "येऊ का?" फोन उचलल्यावर हॅलोच्या जागी पूर्ण नाव. समोरचा बिचारा गडबडून "राँग नंबर" म्हणून फोन ठेवायचा आणि पुन्हा लावायचा. नववीच्या वर्गात ते तास संपायच्या आधी थोडा वेळ ब्रँड शिकवू लागले. उद्या कुणी तुमचं नाव घेतलं तर त्याला काय आठवावं, हे आजच ठरवा, असं सांगायचे. वर्गात ते शुद्ध बोलायचे. पोरं मन लावून ऐकायची, आणि घंटा झाली की व्हरांड्यात एकमेकांना सांगायची, भजे सरांनी आज मस्त शिकवलं.

त्या शिबिरात एक अभ्यासही दिला होता. जवळच्या माणसांना विचारायचं, माझं नाव घेतल्यावर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं. सरांनी सुरुवात माझ्यापासून केली. "खरं सांगजा, मॅडम. मले खूश कराले सांगू नका."

"नकाशे," मी म्हणाले. ते खरंच होतं. खडू न उचलता फळ्यावर ते अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा काढायचे, कोकणाची किनारपट्टी खाचाखोचांसकट. सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हा माणूस सुटला. त्याच आनंदात ते ऑफिसातल्या बाबूकडे गेले, शिपायाकडे गेले, येताना किराणा दुकानात थांबले. परत आले तेव्हा पायरीवरच बसून राहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काई नाही. कोनी काई बोललं नाही. बिचारे ओठ दाबून धरत होते."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाटलं खूळ आता उतरेल, पण झालं उलटंच. पुढच्या वाढदिवसाला त्यांनी स्टँडच्या चौकात स्वतःचा फ्लेक्स लावला. मोठा फोटो, जाकीट, त्याखाली पूर्ण नाव आणि 'मार्गदर्शक व विचारवंत'. दुसऱ्या दिवशी सकाळी नावाखाली कुणीतरी मार्करनं, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'ऊर्फ भजे सर'. त्यात टिंगल नव्हती. एवढा मोठा फोटो लावला आणि लोकांना नाव कळू नये, हे त्या लिहिणाऱ्याला बरं वाटलं नसावं. सरांनी शिडी आणून फ्लेक्स स्वतः उतरवला. मला वाटलं जाळतील. पण त्यांनी तो केनवडला भावाच्या शेतात नेऊन दिला. सोयाबीनच्या ढिगावर तो पुढे किती तरी हंगाम टाकला जायचा. फोटोची बाजू खाली करून टाकायची, एवढं त्यांनी भावाला बजावून सांगितलं होतं.

मोबाइलवर व्हिडिओ टाकण्याचंही झालं. घराच्या भिंतीसमोर उभं राहून ते व्यक्तिमत्त्व विकासावर बोलायचे, मी फोन धरायची. पुण्या-मुंबईला गेलेली जुनी पोरं ते बघायची आणि खाली लिहायची, भजे सर, ओळखलं का, तुमची फार आठवण येते. सर एकेक कमेंट काढून टाकायचे. मग खाली काहीच उरायचं नाही. तो कोरा पडदा ते मला दाखवायचे आणि म्हणायचे, "लोकायले रस नाही यात."

या सगळ्यात एक प्रसंग असा आहे की तो मला अजून विसरता येत नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला एक जुना विद्यार्थी पाहुणा म्हणून आला होता. मजुराचा मुलगा, आता मोठ्या हुद्द्यावर. भाषण लिहून आणलं होतं, पण व्यासपीठावर सरांना बसलेलं पाहिलं आणि त्यानं कागद खिशात घातला. "मले घरच्यायनं शाळा सोडाले लावली होती," तो म्हणाला. "मी विटा वाहून राह्यलो होतो. भजे सर भट्टीवर आले. माह्या बापाशी भांडले. रोज सकाळी मले घेवाले येत, सायकलवर बसवून शाळेत आनत. भजे सर नसते तं मी आज कुठं असतो, मले माहीत नाही." पुढे त्याला बोलवेना. तो व्यासपीठावरच रडायला लागला. सगळा मांडव उठून उभा राहिला, पोरं टाळ्या वाजवू लागली, आयाबाया पदरानं डोळे पुसू लागल्या, आणि लोकांच्या तोंडी एकच नाव, भजे सर, भजे सर. सर खुर्चीवरून उठले. मला वाटलं त्याला मिठी मारायला उठले. ते मागच्या पायऱ्यांनी उतरून निघून गेले.

मी धावत मागे गेले. पाण्याच्या टाकीपाशी ते तोंड धूत होते.

"सर, चला वर. तो मुलगा तुमच्यासाठी रडतोय."

"थो भज्यासाठी रडून राह्यला. माह्यासाठी कोन रडलं, सांगा."

माझा तोल गेला. "अहो, दोन्ही एकच माणूस आहे. गावाला कळतं, तुम्हालाच कसं कळत नाही?"

"तुमाले एक दिसते," ते म्हणाले. रागावले नव्हते, थकले होते. "मले आतून दोन दिसतेत. एक भट्टीवर जाऊन पोराले आननारा, अन् एक प्लेट घेऊन पळनारा. जे बरं केलं थे सारं त्या पळनाऱ्याच्या नावावर जाते, मॅडम. मी कायले केलं मंग?"

तो मुलगा हातात हार घेऊन बराच वेळ त्यांना शोधत होता. शेवटी हार टेबलावर ठेवून गेला.

निवृत्तीनंतर त्यांच्या किडन्या गेल्या. वाशिमला डायलिसिसला जावं लागायचं. कधी काकू सोबत, कधी सुट्टी असली की मी. त्या वाऱ्यांचं एरवी माणसाला भय वाटतं. सर मात्र जाकीट घालून वेळेआधी तयार असायचे. कारण मला तिथे गेल्यावर कळलं. बाकावर माणसं बसलेली असत, आणि आतून नर्स एकेकाला पुकारायची. सरांची पाळी आली की ती पूर्ण नाव घ्यायची, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, स्पष्ट आवाजात. सर ताठ उभे राहायचे आणि हजेरीला पोरं देतात तसा 'ओ' द्यायचे. "लय चांगला दवाखाना हाय, मॅडम," एकदा मला म्हणाले. "अथी माहं नाव घेतेत." मी खिडकीकडे तोंड वळवलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी ते बोलणं काढलं. आमच्याकडे कुणी गेलं की भोंगा लावलेला ऑटो गावातून फिरतो. कोण गेलं, केव्हा नेणार, ते सांगत जातो. सर म्हणाले, "माहा ऑटो फिरन ना, त्याच्यावर पूर्ण नाव पाहिजे. सर बी नको. अन् ऊर्फ लावू नका. शेवटचं एवढं तरी माह्या नावानं होऊ द्या." काकूंकडून त्यांनी 'हो' म्हणवून घेतलं. माझ्याकडूनही घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत ते गेले. ले-आउटमधली घरं कुलूपबंद, सगळे नोकरदार गावी गेलेले. शाळेतलं कुणी इथे नव्हतं. शिक्षकांच्या ग्रुपवर मी बातमी टाकली, तर नागपूर-पुण्याहून हात जोडलेली चित्रं येत राहिली. केनवडचे भाऊ-भावजय आले. विहारातले दोन म्हातारे आले, त्यांनी उशाशी मेणबत्ती लावली. ऑटोवाल्याला मी फोनवर पूर्ण नाव दोनदा सांगितलं. त्याचा मजकूर सगळ्यांसाठी एकच असे, फक्त नाव बदलायचं. 'यांचे दुःखद निधन झाले आहे, अंत्ययात्रा चार वाजता राहत्या घरून निघेल.' त्यानं आवाज भरला आणि ऑटो गावात सोडला.

मांडववाल्यानं लाल खुर्च्या आणून टाकल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. आठवडी बाजाराचा दिवस, गावात मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि आमच्या दारात कुणी नाही. दर थोड्या वेळानं रस्त्यावरून ऑटोचा आवाज यायचा. नाव अगदी स्वच्छ ऐकू यायचं, वडिलांचंही. काकू दर वेळी फाटकाकडे बघायच्या आणि पुन्हा मान खाली घालायच्या.

दुपार कलल्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली. मागे भाजीचे रिकामे क्रेट बांधलेले. गाडीवरून उतरला तो नदीकाठच्या मळ्यातला माळी. आमच्या भागात एकच आडनाव माळ्यांत, कुणब्यांत आणि बौद्धांत सर्रास असतं. या माणसाचं पहिलं नावही सरांचंच होतं. मधलं नाव बाजाराच्या गलक्यात कोण ऐकतं?

"मी जिता हाओ हे सांगता सांगता जीव गेला माहा," तो फाटकातूनच म्हणाला. "बाजारात वांगे इकून राह्यलो होतो, तं लोक माह्या घरी जाऊन राह्यले. माही बायको दारात उभी राहून सांगून राह्यली, मानूस बाजारात हाय म्हनून. मंग ऑटोवाल्याले इचारलं, तं त्यानं इथचा पत्ता सांगतला." मग त्याची नजर आत गेली. तो चपला काढून पुढे आला. "अरे बापा. हे तं..." पुढचा शब्द त्यानं काकूंना पाहून गिळला. खाली बसला, सरांच्या पायावर डोकं ठेवलं. त्याचा मुलगा सरांच्याच हाताखाली शिकला होता.

थोड्या वेळानं तो हळूच मला म्हणाला, "मॅडम, असं नाव सांगून कोनाले कळन? मी जाऊन सांगू का बाजारात? आत्ता लोक येतीन."

मी काकूंकडे पाहिलं. "नाही," काकू म्हणाल्या. "त्यायनं सांगतलं हाय."

खांद्याला माणसं पुरतील का याचा तो अंदाज घेत होता, ते मला दिसत होतं. ऑटो पुन्हा रस्त्यावरून गेला. मला वाटलं, सरांना हवं होतं ते हेच. प्रत्येक गल्लीत त्यांचं नाव पोचलं होतं, आजोबांनी विचारून ठेवलेलं नावही पोचलं होतं. आणि गावात त्यांच्यासाठी एकही मान वळली नव्हती. मला त्या नावाचीच चीड आली.

काकू उठल्या. पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि माळ्याला म्हणाल्या, "गाडी काढ बावा तुही."

मी माझ्या स्कूटीवर त्यांच्या मागे गेले. बाजाराच्या तोंडाशी ऑटो सापडला. काकूंनी त्याला रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं आणि माइक मागितला. त्यांनी माइक तोंडापाशी नेला. भोंग्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या बोलल्या.

"भजे सर गेले. मी त्यायची बायको बोलून राह्यली. भजे सर गेले हो. मालेगाव रोडच्या घरी हायेत. या."

इतक्या वर्षांत मी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. समोरच्या बाईनं तराजू खाली ठेवला. तिच्या पलीकडच्यानं विचारलं, "कोन? आपले भजे सर?" आणि बाजार उठला. भाजीचे ढीग तसेच टाकून माणसं निघाली. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर पोर. मालेगाव रस्त्यावर बसगाड्या थांबल्या. फाटक पुरेना तेव्हा लोक कंपाउंडवरून आत आले. मिश्या पिकलेले बाप्ये हमसून रडत होते, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, आमचे भजे सर. खांदा द्यायला लोकांत चढाओढ लागली. वंदना झाल्यावर विहारातल्या म्हाताऱ्यानं दोन शब्द बोलताना सरांचं पूर्ण नाव घेतलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, "हे कोन?"

लोक अजून म्हणतात, बाईनं हिंमत केली म्हणून माणसाची माती नीट झाली. काही दिवसांनी मीही काकूंना तसंच काही सांगायला गेले. त्यांनी मला थांबवलं.

"त्यायच्यासाठी नाही घेतलं म्या थे नाव," त्या म्हणाल्या. "रिकाम्या खुर्च्या मले पाहवत नव्हत्या. त्यायले तं त्या दिसनारच नव्हत्या. त्यायनं जल्मभर एकच मांगलं, अन् म्या माह्या जिवासाठी थे देल्लं नाही."

मी त्यांचा हात धरला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मी अजून वरच्या खोलीतच राहते. परवा आम्ही दोघी बाजारात गेलो होतो. मागून कुणी तरी "भजेबाई" अशी हाक मारली. काकू थांबल्या, वळल्या आणि "ओ" म्हणाल्या.